गायकवाडांच्या राजधानीत मुलांसह दोन दिवस : वडोदऱ्यातील विनामूल्य वास्तू, भित्तिचित्रे आणि बागा

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत पुण्या-नाशिकहून वडोदऱ्यातील नातेवाइकांकडे येणारी कुटुंबे स्टेशनवर उतरताच बहुधा पहिला प्रश्न राजवाड्याच्या तिकिटाचा विचारतात. लक्ष्मी विलास पॅलेस पाहण्यासारखा आहेच, आणि ज्यांना परवडेल त्यांनी तो जरूर पाहावा. परंतु सहा-सात माणसांच्या कुटुंबाने सकाळी प्रथम राजवाडा, नंतर त्याच आवारातील फतेहसिंह संग्रहालय आणि त्यापाठोपाठ आणखी एखादे तिकिटाचे ठिकाण असा बेत आखला, की दुपारपर्यंत पैसेही संपतात आणि मुलांचे पायही. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी पहिली काही वर्षे याच क्रमाने फिरवले. मुले तिसऱ्या दालनात जमिनीवर बसकण मारत आणि संध्याकाळी त्यांना विचारले, तर फक्त हत्तीचे शिल्प आणि आइस्क्रीम एवढेच आठवत असे.

क्रम उलटा केल्यावर अनुभव पूर्णपणे बदलला. या शहरात ज्या गोष्टी पाहायला पैसे पडत नाहीत, त्यांपैकी बहुतेक मुळातच लोकांसाठी बांधल्या गेल्या होत्या. राजवाडा हे राजाचे घर होते. बाग, ग्रंथालय, कॉलेज आणि गायनशाळा मात्र प्रजेसाठी होत्या. ज्या महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला, त्यांच्या राजधानीत विनामूल्य ठिकाणे ही उरलीसुरली ठिकाणे नाहीत. शहराचा खरा गाभा तिथेच आहे, आणि मुलांना तो आधी दाखवावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील मांडणी दोन पूर्ण दिवस आणि एक मोकळी सकाळ असलेल्या कुटुंबासाठी केली आहे.

घरून निघण्यापूर्वी

वडोदऱ्यात फिरण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो. मार्चपासून ऊन चढू लागते आणि मे महिन्यात सकाळी अकरानंतर लहान मुलांना घेऊन उघड्यावर चालणे योग्य नव्हे. सुट्टी उन्हाळ्यातच मिळत असेल, तर खाली सांगितलेले सर्व उघड्यावरचे भाग सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर अशा दोन तुकड्यांत विभागावेत. मकरसंक्रांतीच्या सुमारास, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला, इथे उत्तरायणाचा मोठा उत्सव असतो. त्या दिवसांत दुचाकीवर मुलांना पुढे बसवून फिरू नये, कारण पतंगाचा मांजा रस्त्यावर गळ्याच्या उंचीवर आडवा येतो. गणेशोत्सव वडोदऱ्यात महाराष्ट्राइतक्याच उत्साहाने साजरा होतो. दांडिया बाजार आणि रावपुरा भागांतील देखावे पाहण्यासाठी तो काळ उत्तम. वास्तू निवांत पाहायच्या असतील, तर मात्र गर्दीमुळे तो टाळलेला बरा.

वार निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बागेचा दिवस रविवारी ठेवला तरी चालतो, पण जुन्या गावातला दिवस कामकाजाच्या वारी ठेवावा, कारण ग्रंथालय आणि सरकारी देखरेखीखालील वाडे सुट्टीच्या दिवशी बंद मिळण्याची शक्यता असते. आदल्या संध्याकाळी स्थानिक नातेवाइकांकडून किंवा हॉटेलच्या कचेरीतून त्या त्या ठिकाणच्या वेळेची खात्री करून घ्यावी. रिक्षावाल्यालाही विचारता येते. "आजे खुल्लुं छे?" एवढे गुजराती पुरेसे होते, आणि मुलांनी विचारले तर उत्तर अधिक आपुलकीने मिळते.

मुलांना आदल्या रात्री एक खेळ शिकवून ठेवावा. गुजराती लिपी बरीचशी देवनागरीसारखीच आहे, फक्त तिला शिरोरेषा नाही. ग, न, म, त, र, स ही अक्षरे मराठी वाचणाऱ्या मुलाला थोड्या प्रयत्नाने ओळखता येतात. दुकानांच्या पाट्या वाचण्याची पैज लावली, की रस्त्याने चालताना कंटाळा येत नाही आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आठ-नऊ वर्षांची मुले अख्खे शब्द वाचू लागतात.

सोबत प्रत्येकाची पाण्याची बाटली, टोपी, एखादी छोटी दुर्बीण असल्यास ती, आणि घरातील प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र असावे. दुर्बीण कशासाठी आणि ओळखपत्र कशासाठी, ते पुढे येईलच. पायांत काढायला-घालायला सोपी पादत्राणे असावीत, कारण दोन दिवसांत ती अनेकदा काढावी लागतात.

पहिला दिवस, सकाळ : कमाटी बाग

सयाजी बाग हे अधिकृत नाव असले, तरी गावात सर्व जण तिला कमाटी बाग म्हणतात, आणि रिक्षावाल्याला तेच नाव सांगावे. विश्वामित्री नदीच्या काठावरील ही बाग सयाजीरावांनी १८७९ मध्ये जनतेसाठी तयार करवली. रेल्वे स्टेशनपासून ती साधारण एक किलोमीटरवर आहे, त्यामुळे सामान हलके असेल तर चालतही जाता येते. शक्य असल्यास सात वाजण्यापूर्वी पोहोचावे.

प्रवेशद्वाराजवळच्या चौकात सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे, ज्याला लोक काळा घोडा म्हणतात. फ्रान्सिस डरवेंट वूड या इंग्रज शिल्पकाराने तो घडवला. इथे पाच मिनिटे थांबून मुलांना एक गोष्ट सांगावी, कारण पुढच्या दोन दिवसांत जे जे दिसणार आहे, ते या माणसाशी जोडलेले आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. तिथे १८६३ मध्ये जन्मलेल्या गोपाळराव नावाच्या शेतकरी घरातल्या मुलाला, वयाच्या बाराव्या वर्षी, १८७५ मध्ये, महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले. तोवर शाळेचे तोंडही नीट न पाहिलेला हा मुलगा सहा वर्षांत राज्य चालवण्याइतका तयार झाला आणि १८८१ मध्ये त्याच्या हाती कारभार आला. बारा वर्षांच्या मुलाला हे ऐकवून पाहावे. तो पुतळ्याकडे पुन्हा एकदा वळून पाहतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

बागेत शिरल्यावर मुलांना लगेच पाळण्यांकडे नेऊ नये. प्रथम फुलांचे घड्याळ पाहावे. त्याची यंत्रणा जमिनीखाली आहे आणि काटे झाडांच्या तबकडीवर फिरतात, त्यामुळे मिनिटकाटा हलतो आहे का, हे टक लावून पाहण्यात लहान मुले रमतात. छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळाही याच बागेत आहे. त्यानंतर नदीवरच्या पुलाकडे जावे. विश्वामित्रीत मगरी आहेत. कोणी आणून सोडलेल्या नव्हेत, तर भर शहरातून वाहणाऱ्या नदीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जंगली मगरी. हिवाळ्याच्या सकाळी ऊन वर आल्यावर त्या काठावरच्या गाळात अंग शेकत पडलेल्या दिसू शकतात. पुलावरून पाहावे, कठड्यावर मुलांना चढू देऊ नये, आणि काठाकडे उतरण्याचा विचारही करू नये. दुर्बिणीचा पहिला उपयोग इथे होतो. मगर दिसेलच याची हमी नाही, म्हणून मुलांना "मगर दाखवायला नेतो" असे सांगून नेऊ नये. "मगर शोधायला जाऊ" असे म्हणावे.

याच बागेत आणखी एक जागा आहे, जी पुष्कळ पर्यटक न पाहता परततात. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले, परंतु अस्पृश्य ठरवले गेल्यामुळे त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते, तिथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. २३ सप्टेंबर १९१७ रोजी मुंबईच्या गाडीची वाट पाहताना ते कमाटी बागेत एका वडाखाली बसून होते. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. शिष्यवृत्ती देणारा राजा आणि घर न देणारे शहर, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, हे दहा वर्षांच्या पुढील मुलांना समजते. त्यांना ते टाळून सांगू नये. काळ्या घोड्यापाशी सांगितलेली गोष्ट या ठिकाणी येऊनच पूर्ण होते.

बागेतील प्राणिसंग्रहालय, तारांगण आणि लहान मुलांची आगगाडी यांना तिकीट आहे. चार-पाच वर्षांचे मूल सोबत असेल तर आगगाडीचे तिकीट काढावे. बाकीचे दोन्ही वगळले तरी या सहलीत काही उणे राहत नाही.

एकच तिकीट काढायचे असेल, तर

हा लेख विनामूल्य ठिकाणांचा असला, तरी बागेतीलच बडोदा संग्रहालय आणि चित्रवीथी यांचा अपवाद करावा, कारण तिथले शुल्क अल्प आहे आणि संग्रह मोठा आहे. संग्रहालयाची स्थापना १८८७ मध्ये झाली आणि इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. शेजारची चित्रवीथी १९१४ मध्ये बांधून तयार होती, परंतु युरोपातून यायची चित्रे पहिल्या महायुद्धामुळे अडकून पडली आणि दालने उघडायला १९२१ साल उजाडले. सात वर्षे रिकाम्या भिंतींनी चित्रांची वाट पाहिली, ही कल्पना मुलांना फार आवडते.

सर्व दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक मुलाला आत शिरण्यापूर्वी एक वस्तू शोधण्याचे काम द्यावे. लहानांसाठी निळ्या देवमाशाचा सांगाडा, जो मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा आहे. मधल्या वयाच्या मुलांसाठी इजिप्तची ममी. आणि मोठ्यांसाठी अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती. अकोटा हे आज वडोदऱ्याचेच एक उपनगर आहे, आणि तिथे जमिनीखाली सापडलेल्या या मूर्तींपैकी काही सुमारे दीड हजार वर्षे जुन्या आहेत. हातात चवरी घेतलेल्या स्त्रीची मूर्ती समोरून पाहून झाल्यावर, काचेच्या पेटीभोवती फिरून तिची केशरचना मागूनही पाहावी. तास-सव्वा तासात बाहेर पडावे, थोडे पाहायचे राहिले तरी.

पहिला दिवस, पुढचा भाग : कीर्ती मंदिर

मला विचाराल, तर या संपूर्ण शहरात मुलांना घेऊन जाण्यासारखे सर्वांत मोलाचे ठिकाण कीर्ती मंदिर आहे, आणि ते पाहायला पैसे पडत नाहीत. बागेपासून ते जवळच, विश्वामित्रीच्या पुलाच्या पलीकडे आहे. सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवानिमित्त १९३६ मध्ये गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ ही दगडी वास्तू उभारली गेली. बाहेरून पाहताना शिखराच्या टोकाकडे दुर्बीण लावावी. सूर्य, चंद्र आणि पृथ्वीचा गोल अशी चिन्हे तिथे आहेत, आणि त्या गोलावर अखंड भारताचा नकाशा आहे. १९३६ मध्ये फाळणी झालेली नव्हती, हे लक्षात आणून दिले की मोठी मुले स्वतःच हिशेब मांडतात.

खरे धन आत आहे. मधल्या दालनाच्या चार भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी १९३९ पासून काही वर्षांच्या काळात चार भित्तिचित्रे रंगवली. भारतीय राज्यघटनेच्या मूळ प्रतीची सजावट ज्यांच्या देखरेखीखाली झाली, तेच हे नंदलाल बोस. शाळेच्या पाठ्यपुस्तकात राज्यघटनेची उद्देशिका मुलांनी पाहिलेली असते, त्यामुळे हे नाव त्यांच्या मनात रुजवायला तोच धागा वापरावा.

चार भिंतींवर चार कथा आहेत : गंगावतरण, कुरुक्षेत्रावरील अभिमन्यूचे युद्ध, मीराबाईचे जीवन, आणि रवींद्रनाथ ठाकुरांच्या नाटकावर आधारलेली नटीर पूजा. यांपैकी पहिल्या तीन मराठी घरांत ठाऊक असतात. चौथी बहुधा नसते. म्हणून आदल्या रात्री झोपताना ती सांगून ठेवावी. बुद्धाच्या स्तूपाची पूजा करण्यास राजाने मनाई केलेली असते, आणि राजवाड्यातील एका नर्तकीला त्याच स्तूपासमोर नाचण्याची आज्ञा होते. ती नाचते, परंतु नाचता नाचता एकेक दागिना उतरवत जाते आणि तिचे नृत्य हीच तिची पूजा ठरते. त्यासाठी तिला प्राण द्यावे लागतात. ही गोष्ट ऐकून आलेले मूल त्या भिंतीसमोर दहा मिनिटे सहज उभे राहते. न ऐकलेले मूल एका मिनिटात "आता कुठे जायचं?" असे विचारते. या चित्रांच्या बाबतीत तयारीचा एवढा फरक पडतो.

पाहण्याची पद्धतही सांगतो. दालनाच्या मधोमध उभे राहून आधी चारही भिंतींवरून नजर फिरवावी आणि कोणती कथा कोणत्या भिंतीवर आहे, हे मुलांनाच ओळखू द्यावे. मग एका भिंतीजवळ जाऊन रेषा पाहावी. नंदलालबाबूंची रेषा अजिंठ्याच्या परंपरेतून आलेली आहे, आणि औरंगाबादेकडून आलेल्या ज्या मुलांनी अजिंठा पाहिला आहे, त्यांना डोळ्यांची आणि बोटांची ठेवण ओळखीची वाटते. माझी भाची इथे पहिल्यांदा आली तेव्हा सात वर्षांची होती. अभिमन्यूच्या भिंतीसमोर तिने विचारले, "मामा, इतक्या गर्दीत तो एकटा आहे हे चित्रकाराने कसं दाखवलं?" मी उत्तर दिले नाही, दोघांनी मिळून शोधले. मार्गदर्शक सोबत नसल्याचा हा फायदा आहे. छायाचित्र काढण्यापूर्वी तिथल्या रखवालदाराची परवानगी घ्यावी, आणि परवानगी मिळाली तरी झोत वापरू नये.

दुपारची विश्रांती आणि संध्याकाळ

बारा ते चार या वेळेत घरी किंवा मुक्कामी परतावे. वाटेत सेव उसळ खावी, कारण तो वडोदऱ्याचा स्वतःचा पदार्थ आहे आणि आपल्या मिसळीशी त्याचे नाते उघड दिसते. तरी जहाल असते, म्हणून मुलांसाठी ती वेगळी मागून घ्यावी. सोबत नेण्यासाठी इथला लीलो चेवडो घ्यावा. बटाट्याचा, किंचित गोड आणि ओलसर असा हा चिवडा महाराष्ट्रातल्या चिवड्यापेक्षा वेगळा असतो आणि फार दिवस टिकत नाही, त्यामुळे तो परतीच्या दिवशीच विकत घ्यावा.

संध्याकाळी फतेहगंज भागातील दक्षिणामूर्ती मंदिरात जावे, जे सैन्याच्या ई.एम.ई., म्हणजे विद्युत आणि यांत्रिक अभियंत्यांच्या, विभागाच्या आवारात असल्यामुळे ई.एम.ई. मंदिर म्हणून ओळखले जाते. लष्करी हद्द असल्याने ओळखपत्र इथे लागते, आणि आत काय नेता येईल व काय नाही, याबाबत पहारेकऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. १९६६ मध्ये जवानांनी उभारलेले हे मंदिर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेले आहे आणि त्याच्या रचनेत वेगवेगळ्या धर्मांची चिन्हे एकत्र गुंफली आहेत. घुमट कोणाचा, मनोरा कोणाचा, कळस कोणाचा, हे मुलांना ओळखायला सांगावे. आवारातील झाडांखाली जुन्या दगडी मूर्ती मांडलेल्या आहेत. अर्धा-पाऊण तास पुरतो.

दुसरा दिवस : गावात

वडोदऱ्याचे लोक जुन्या तटबंदीच्या आतल्या भागाला आजही गाव म्हणतात. त्याची रचना समजून घेतली की वाट चुकत नाही. चौकोनी गावाला चार दिशांना चार दरवाजे आहेत : पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेला गेंडीगेट. समोरासमोरच्या दरवाजांना जोडणारे दोन सरळ रस्ते मध्यभागी जिथे एकमेकांना छेदतात, तिथे मांडवी आहे. मुलांकडून कागदावर एक चौकोन आणि त्यात अधिकचे चिन्ह काढून घ्यावे. दिवसभराचा नकाशा तयार होतो.

परंतु सुरुवात गावाबाहेर, रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यापासून करावी, आणि शक्यतो सकाळी, कारण आत प्रकाश कमी असतो आणि लवकर गेल्यास गर्दी नसते. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोदा संस्थानाचे दिवाण होते. त्यांचा हा लाकडी वाडा आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि पाहायला शुल्क नाही. रस्त्यावरून तो साधाच दिसतो. आत शिरल्यावर वरच्या दालनांतील भिंती, दारे आणि छत चित्रांनी भरलेले आढळते. एकोणिसाव्या शतकातील मराठी सरदारी घर कसे सजवले जाई, याचा इतका भरगच्च नमुना पुण्यातही सहज पाहायला मिळत नाही.

आत गेल्यावर लगेच चित्रे पाहू नयेत. दोन मिनिटे शांत उभे राहून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. नंतर मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात : कृष्णाची एखादी लीला, मराठे आणि इंग्रज यांच्यातील लढाई, आणि पाश्चात्त्य पोशाखातील एखादी मडम. देवादिकांच्या शेजारी इंग्रज बायका कशा आल्या, हा प्रश्न मुले विचारतातच. दिवाणाच्या घरात ज्या जगाची ये-जा होती, ते सर्व जग चित्रकाराने भिंतीवर आणले, एवढे उत्तर त्यांना पुरते. पाठीवरच्या पिशव्या इथे पोटाकडे घ्याव्यात, भिंतीला टेकू नये, बोट लावू नये. रंग दीडशे वर्षांच्या आसपासचे आहेत, आणि वळताना पिशवी घासली की जे जाते ते परत येत नाही. जिने अरुंद असल्यामुळे एकत्र कुटुंब मोठे असेल, तर दोन गट करून वर जावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना खाली बसवून ठेवावे लागेल, हेही आधीच सांगून ठेवावे.

तिथून दांडिया बाजारात अरविंद निवास पायी गाठता येतो. अरविंद घोष १८९३ मध्ये बडोदा संस्थानाच्या सेवेत आले आणि १९०६ पर्यंत इथे होते. या बंगल्यात ते राहत असत. जागा अतिशय शांत आहे. लहान मुलांना तिथे फार वेळ बसवू नये.

पुढे सुरसागर तलाव येतो. मधोमध शंकराची सोनेरी, सुमारे १११ फुटी मूर्ती आहे आणि काठाने फिरता येते. मूर्तीकडे सर्वांचे लक्ष जातेच. म्हणून मी मुद्दाम काठावरच्या संगीत महाविद्यालयाकडे लक्ष वेधतो. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेली ही गायनशाळा सर्वसामान्य मुलांना गाणे शिकवण्यासाठी होती. सकाळच्या वेळी बाहेरून चालताना तबल्याचा किंवा तंबोऱ्याचा आवाज कानावर पडला, तर थांबून ऐकावे.

सुरसागराच्या पलीकडे न्याय मंदिराची १८९६ मधील भव्य इमारत आहे. ती बाहेरून पाहावी आणि लहेरीपुरा दरवाजातून गावात शिरावे. मांडवीपर्यंतचा बाजार पायी दहा मिनिटांचाही नाही, पण दुचाकी वाहने दोन्ही बाजूंनी येत असतात, म्हणून मुलांचे हात सोडू नयेत. मांडवी म्हणजे प्रत्येक बाजूला तीन कमानी असलेला चौकोनी, बहुमजली मंडप. त्याच्याभोवती वाहतूक गोल फिरत असते, तेव्हा कडेच्या एखाद्या दुकानाच्या ओट्यावर उभे राहूनच तो पाहावा. इथे मुलांना सकाळी काढलेला नकाशा बाहेर काढायला सांगून चारही दरवाजे कोणत्या बाजूला आहेत, ते हाताने दाखवायला लावावे.

मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय हा दिवसाचा शेवटचा आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला सुरुवात केली. ज्या खेड्यात ग्रंथालय नव्हते, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत असत. आतील ग्रंथसंग्रहाच्या भागात लोखंडी कपाटे आहेत आणि मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या आहेत, ज्यामुळे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोहोचतो. हा भाग सर्वांना सरसकट खुला नसतो. म्हणून प्रथम कार्यालयात जाऊन, बाहेरगावाहून मुलांना घेऊन आलो आहोत, असे सांगून नम्रपणे विनंती करावी. एका वेळी चार-पाच जणांपेक्षा अधिक जाऊ नये, आणि वाचक बसलेले असतात, तेव्हा आवाज करू नये. मराठी पुस्तकांचा विभाग कुठे आहे, हे मुलांनाच विचारायला लावावे. महाराष्ट्राबाहेरच्या गावात, शिरोरेषा नसलेल्या पाट्यांमधून वाट काढत येऊन, मराठी पुस्तकांनी भरलेले कपाट समोर दिसते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यासाठी मी दर वेळी इथे येतो.

तिसरी सकाळ मोकळी असेल तर

प्रतापनगर भागातील हजीरा हा १५८६ मधील मकबरा शांत आणि विनामूल्य आहे. अकबराचा सरदार कुतुबुद्दीन मुहम्मद खान याची ही कबर. उंच जोत्यावरील अष्टकोनी रचना आणि दगडी जाळ्या पाहण्यासारख्या आहेत. स्टेशनच्या बाजूला मुक्काम असेल, तर त्याऐवजी विद्यापीठाच्या कला शाखेचा विशाल घुमट रस्त्यावरून पाहावा. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या बडोदा कॉलेजची ही इमारत, आणि विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांना तिच्याकडे पाहताना त्याची आठवण होते.

हाताशी पूर्ण दिवस असेल, तर सुमारे पन्नास किलोमीटरवरील चांपानेरला जावे. २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेले हे ठिकाण पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहे. तिथे मोठ्यांना तिकीट पडते, परंतु पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. मोठ्या दिसणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या वयाचा पुरावा म्हणून शाळेचे ओळखपत्र जवळ ठेवावे. सकाळी साडेसहाला निघाल्यास जामी मशीद उन्हाच्या आधी निवांत पाहून होते, आणि संध्याकाळच्या गाडीसाठी वेळेत स्टेशनवर परतता येते.